सल्ला हवा: सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांसाठी पुस्तक (बजेट ३०० रु.)

वाडीचा_पोट्टा:
मी नागपुरात वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहो. इंग्रजी ईमेल माझ्याच गळ्यात. मागच्या मंगळवारी पार्टीला लिहिलं, ट्रक बुटीबोरीला 'स्टेशनरी' आहे. शेवटाकडं ए पाहिजे होता, मी ई टाकला. उत्तर आलं, "आम्ही सळया मागवल्या होत्या, वह्या-पेनं नाही." सायबानं ते छापून नोटिस बोर्डावर लावलं. अफेक्ट-इफेक्ट, लूस-लूझ, लेंड-बॉरो, सगळ्यातच घोळ. ३०० च्या आत, डब्याच्या पिशवीत मावंल असं पुस्तक सांगा. क्लास नको, वेळ नाही.

धरमपेठ_काकू:
क्लासच लाव रे. माझ्या मुलीचे १८ हजार भरले, आता पुण्यात आहे. माझ्याशीसुद्धा फोनवर इंग्रजीत बोलते. अर्धं मला कळत नाही, ते सोड.

निवृत्त_मास्तर:
३४ वर्षं आठवी ते दहावी इंग्रजी शिकवलं. एन्व्हलपचा ई, तो कागद-पेनवाला. उरला ए, तो जागेवर उभा असलेला. मुळात दोन्ही एकाच घरचे. मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते गावोगाव फिरत. ज्याचं दुकान एका जागी, तो लॅटिनमध्ये 'स्टेशनारियस'. तो पुस्तकं विकायचा, त्यावरून इंग्रजीत 'स्टेशनर' आणि त्याचा माल स्टेशनरी. म्हणजे तुझा ट्रक आणि गांधीबागेतला वहीवाला, दोघं भाऊबंदच.
अ‍ॅडव्हाइस-अ‍ॅडव्हाइझचं कानानं ओळख. शेवटी 'स' ऐकू आला की सी, ते नाम. 'झ' ऐकू आला की एस, ते क्रियापद. प्रॅक्टिसलाही ब्रिटिश पद्धतीत हाच नियम, पण तिथं उच्चार एकच, कान उपयोगाचा नाही.

रामदासपेठ_आयटी:
अमेरिकन क्लायंट असेल तर प्रॅक्टिस दोन्हीकडे सीनंच. हे सांगायचं राहिलं मास्तर.

निवृत्त_मास्तर:
'ब्रिटिश पद्धतीत' असं लिहिलंय. नीट वाचा.

तर्री_जास्त:
पुस्तक काहून पाहिजे बाप्पा? ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी मोबाइलवर फुकट दिसते. मी जाडजूड कागदी घेतली होती. आता आई पापडाच्या पिठावर वजन म्हणून ठेवते. लूझचं सोपं आहे, एक ओ हरवला की 'हरवणं'. दोन्ही ओ असले तर सैल, माझ्या पँटीसारखं.

नंदनवन_७७:
कोबिल्डची डिक्शनरी घ्या, बाकी सगळं बेकार. १९८७ ला पहिली आवृत्ती आली तेव्हापासून अर्थ पूर्ण वाक्यात देतात, त्यामुळं शब्द वापरायचा कसा तेही कळतं. लेंड-बॉरोत आपण फसतो कारण मराठीत 'उसनं' एकच; उसनं देणं, उसनं घेणं. इंग्रजीत देणाऱ्याचा शब्द लेंड, घेणाऱ्याचा बॉरो. मी बँकेच्या अर्जात मॅनेजरलाच 'माझ्याकडून दोन लाख बॉरो करा' लिहून आलो होतो.

वाडीचा_पोट्टा:
कोबिल्ड ३०० मध्ये येते का?

नंदनवन_७७:
चांगल्या वस्तूला पैसे लागतात भाऊ.

रामदासपेठ_आयटी:
अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम. विषय संपला.

निवृत्त_मास्तर:
संपला नाही. 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणं. तिथं इफेक्ट क्रियापद आहे.

रामदासपेठ_आयटी:
ट्रकच्या ईमेलमध्ये कोण लिहितं हे?

निवृत्त_मास्तर:
आणि 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं नव्हे, पूर्वस्थितीला जाणं. तुम्ही आयटीवाल्यांनी तो शब्द पार नासवला.

रामदासपेठ_आयटी:
भारतात सगळे तसंच वापरतात, म्हणून तो अर्थही आलाच. 'रिव्हर्ट बॅक' मात्र मलाही खुपतं.

धरमपेठ_काकू:
एवढ्या वेळात क्लासचा पहिला तास झाला असता. आणि मराठीत काय कमी आहे? दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सोसायटीच्या पत्रकात यंदा 'प्रजासत्ताक दीन' छापला होता.

तर्री_जास्त:
काकू, ते खरंच असंल, महिनाअखेर होती ना.

वाडीचा_पोट्टा:
सगळ्यांचे आभार. पुस्तक नाही घेतलं. बर्डीवरून ४५ रुपयांची लांब वही आणली, रोज ऑफिसात जो शब्द चुकंल तो लिहून राहिलो. चार दिवसांत अकरा झाले. ट्रकसाठी आता सरळ 'पार्क्ड' लिहितो. अन् हो, वही घेतली त्या दुकानाच्या बोर्डावर 'स्टेशनरी' ए नं लिहिलं आहे.

निवृत्त_मास्तर:
फोटो टाक.

नंदनवन_७७:
४५ जास्त दिले. इतवारीत ३० ला मिळते.