धाकटी अडीचची, मोठा सहाचा, सोबत सासूबाई : पहिली क्रूझ कोणती घ्यावी?

वणाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही हिंगणघाटपासून बारा किलोमीटरवरच्या खेड्यात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नवरा वावर पाहतो. मुलगा सहा वर्षांचा आहे, मुलगी अडीचची, फेब्रुवारीत तीनची होईल. सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत आणि त्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. मुलाला जहाजाचं वेड लागलंय. रोज विचारतो, "आई, जहाज आपल्या जिनिंगच्या शेडपेक्षा मोठं असते का?" दोन वर्षं पैसे बाजूला टाकलेत, आता एकदा सगळ्यांना घेऊन जायचंच असं ठरवलंय.

एजंट म्हणतो सिंगापूरच घ्या, मुलांसाठी तिकडची जहाजं भारी असतात. माझ्या मनात मुंबई–गोवा आहे. सुट्टी मला दिवाळीत मिळते, नाहीतर मे महिन्यात. मुलगी एष्टीत वर्ध्यापर्यंतही उलटी केल्याशिवाय पोचत नाही, तिची जास्त काळजी आहे. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. आणि पाचही जण एका खोलीत मावतील का? जे लहान मुलांना घेऊन जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पुलगाव_फलाट
ताई, आम्ही मागच्या फेब्रुवारीत मुंबई–गोवा–मुंबई केली, तीन रात्रींची. तेव्हा मुलं चार आणि सात वर्षांची होती. माझं स्पष्ट मत आहे की पहिली क्रूझ मुंबईहूनच करा, आणि तीन रात्रींपेक्षा मोठी घेऊ नका. मुलांना झेपली, आवडली, तर सिंगापूर कुठे पळून जात नाही. नाही झेपली तर चौथ्या दिवशी तुम्ही परतीच्या गाडीत असता.

देशातल्या देशात असल्यामुळे पासपोर्ट लागत नाही, आधार चालतं. सिंगापूरला पाचही जणांचे पासपोर्ट, व्हिसा, विमान, आणि हे सगळं जहाजावर पाय ठेवायच्या आधी.

मुंबईहून फेऱ्या करणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, १९९० साली बांधलेलं. जुन्या बांधणीचं असल्यामुळे खोल्या लहान आहेत, हे मनात धरून जा. लांबी साधारण २१० मीटर. मुलाला जिनिंगच्या शेडचं माप सांगू नका, त्याला स्टेशनवर न्या आणि गाडीचे नऊ डबे मोजून दाखवा. नवीन एलएचबी डबा साधारण चोवीस मीटरचा असतो, म्हणजे तेवढं लांब जहाज. आम्ही हेच केलं होतं.

वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला पोचवते आणि तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीने अगदी जवळ आहे. तरी त्याच दिवशीचं जहाज धरू नका, आदल्या दिवशी पोचा. गाडी उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही. त्या मोकळ्या दिवसात एक काम करा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, तासाभराचा प्रवास आहे. मुलांना आणि सासूबाईंना तिच्यात बसवून आणा. कोणाला लाट लागते आणि कोणाला नाही ते तिथंच कळतं, आणि रात्री औषधाची तयारी करता येते.

अजून एक. शुक्रवार ते रविवारच्या फेरीत मित्रांचे कंपू जास्त असतात, रात्री उशिरापर्यंत गाणी-बजावणी. मधल्या वाराला सुटणारी फेरी मिळाली तर तीच घ्या.

आर्वीचा_किचनवाला
राम राम ताई. मी सात वर्स जहाजावर किचनात होतो, परदेशी जहाजावर. आता गावीच वावर पायतो. जेवनाची काळजी करू नका. सासूबाईचं कांदा-लसूण नसलेलं पायजे असन त बुकिंगच्या वक्तीच लिहून द्या, अन् चढल्यावर पयल्याच जेवनाले तिथल्या मुख्य वाढप्याले भेटून सांगा. सांगतलं त किचनात चिठ्ठी लागते अन् मंग रोज येते. नाई सांगतलं त बुफेतलं शोधत फिरा लागते. पोट्ट्याईसाठी साधं वरन-भात, दही, उकडलेला बटाटा मागा, कोनी नाई म्हनत नाई.

खोलीत पानी तापवाचा रॉड, किटली, इंडक्शन यातलं काई चालत नाई. आगीच्या भ्यानं सामान तपासतानीच काढून घेतात. दुधासाठी गरम पानी बुफेतून मिळते, थर्मास सोबत न्या.

अन् हात धुवाची गोठ मनावर घ्या. जहाजावर एकाले जुलाब-उलटी झाली त पसराले वेळ लागत नाई, कारन सारेच एकाच चमच्यानं वाढून घेतात. नोरोव्हायरस म्हनतात त्याले. बाटलीतल्या सॅनिटायझरनं तो नीट मरत नाई, साबन-पानीच पायजे. बुफेत चमचा पोट्ट्याईच्या हातात देऊ नका, तुमीच वाढा.

खोली घ्या जहाजाच्या मधात अन् खालच्या मजल्यावर. एष्टीत मांगच्या सीटवर बसलं त गचके जास्त बसतात का नाई? तसंच हाय. टोकाची अन् वरची खोली जास्त हालते. एजंट वरची घ्या म्हनन, कारन ते महाग असते. तुमच्या पोरीसाठी खालचीच बरी.

दिग्रसची_औषधवाली
माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते.

जी मुलगी एष्टीत उलटी करते तिला बोटही लागू शकते, पण लागेलच असं नाही. गाडीचे गचके वेगळे आणि मोठ्या जहाजाचं डोलणं वेगळं. मळमळीचं औषध आपल्या मनानं देऊ नका. प्रोमेथाझिनची गोळी घरोघरी असते, पण दोन वर्षांखालच्या बाळाला ती द्यायचीच नाही, श्वासावर परिणाम होऊ शकतो. तुमची मुलगी दोनच्या वर आहे, तरी बालरोगतज्ज्ञांना वजन सांगून मात्रा लिहून घ्या. दिलेलं औषध एकदा घरी, सुट्टीच्या दिवशी देऊन बघा. काही मुलं गाढ झोपतात, काही उलट चिडचिडी होतात. कसं होतं ते जहाजावर पहिल्यांदा कळायला नको. औषध उलटी सुरू झाल्यावर नाही, जहाज सुटायच्या आधी द्यायचं.

ताप-जुलाबाची औषधं, ओआरएस, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर घेतात आणि खोलीत यायला कधी कधी संध्याकाळ होते. मुलीचा एक कपडेजोड, दूध, पोहायचे कपडेही त्याच पिशवीत. जहाजावर डॉक्टर असतात, पण ती फी वेगळी आणि चांगलीच जास्त असते. प्रवास विमा घेताना जहाजावरचा उपचार त्यात धरलाय का ते वाचून घ्या.

गोंदियाची_आई
मी थोडं विरुद्ध लिहितेय. धाकटी तीनची होईपर्यंत थांबा, दिवाळीत जाऊ नका.

आम्ही वीस महिन्यांच्या मुलीला घेऊन परदेशी जहाजावर गेलो होतो. जहाज सुंदर होतं, दोष त्याचा नव्हता. पण मुलांच्या खेळघरात बहुतेक जहाजांवर तीन वर्षं पूर्ण झालेलं आणि लंगोट सुटलेलं मूलच घेतात. त्याआधीचं मूल आईबापांपैकी एकाजवळच राहतं. काही मोठ्या जहाजांवर बाळांचं पाळणाघर असतं, तासाचे पैसे देऊन, पण जागा मोजक्याच. आमची मुलगी एकही तास कुठे राहिली नाही. एक रात्र मी खोलीत, एक रात्र नवरा. चार रात्रींत आम्ही दोघं एकत्र जेवलो ते एकदा. आणि पोहण्याच्या तलावात लंगोट घातलेल्या बाळाला उतरू देत नाहीत, पोहायचा खास लंगोट असला तरीही. ती काठावर बसून रडायची आणि तिच्याहून थोडी मोठी मुलं पाण्यात. ते मला अजून आठवतं.

तीन झाल्यावर हेच सगळं बदलतं. तोवर तिची शू-शीची सवय पक्की करा, तेच तुमचं खरं तिकीट आहे. खेळघरात सोडताना मूल कोणाच्या हाती परत द्यायचं ते लिहून घेतात, त्यात सासूबाईंचं नावही घाला.

अंघोळीचंही सांगते. न्हाणीत फक्त शॉवर असतो, बादली नाही, मग नाही. आमची मुलगी शॉवरच्या धारेला घाबरून भिंतीला चिकटून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी मी खोलीतल्या कॉफीच्या कपाने पाणी घालून तिला न्हाऊ घातलं. घरून एक प्लास्टिकचा मग नक्की न्या.

बाल्कनीची खोली मी घेणार नाही. दार मोठ्यांकडून उघडं राहतं आणि आत खुर्ची असते, मूल तिच्यावर चढतं. बंद खिडकीची खोली घ्या. समुद्र दिसतो आणि रात्री झोप लागते.

वणाकाठ
इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. दिवाळी आमची तशीही जमणार नव्हती. तेव्हा सोयाबीन निघालेलं असतं आणि कापसाची वेचणी सुरू, नवरा घर सोडू शकत नाही. मे महिन्यात वावर रिकामं असतं. पण मेमध्ये समुद्र कसा असतो? आणि पाच जणांचं काय?

पुलगाव_फलाट
मेचा पहिला पंधरवडा धरा. महिन्याच्या शेवटी पावसाच्या आधीचे वारे सुटतात आणि अरबी समुद्र खवळायला लागतो. पावसाळ्यात मुंबईहून फेऱ्या बंदच असतात. ऊन मात्र असेल, गोव्यात उतरल्यावर दुपारी फिरायला जाऊ नका. जहाज मुरगावला लागतं, तिथून बोगमाळोचा किनारा जवळ आहे. सकाळी लवकर जाऊन बारापर्यंत परत या. त्या वेळी जहाज रिकामं असतं, तलावात मुलांना भरपूर जागा मिळते.

पाच जणांना एक खोली मिळणं कठीण. बहुतेक खोल्या जास्तीत जास्त चौघांच्या, आणि त्यात मांडीवरचं बाळही एक माणूस धरतात. जीवरक्षक नौकांमधल्या जागांवरून ती संख्या ठरते, त्यामुळे विनवण्या करून उपयोग नसतो. समोरासमोर किंवा लागून दोन खोल्या मागा. एकीत तुम्ही आणि मुलगी, दुसरीत नवरा, मुलगा आणि सासूबाई. तिसऱ्या माणसाचं भाडं पहिल्या दोघांपेक्षा कमी असतं. वरचा पलंग भिंतीतून उघडतो, तो मुलाला द्या, खूश होईल. सासूबाईंना खालचाच हवा, हे आधी लिहून द्या.

पैशाबाबत एक चटका आम्हाला बसला. एजंटने फोनवर जो आकडा सांगितला त्यात बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवाशुल्क धरलंच नव्हतं. ऐन भरणा करताना रक्कम बरीच वाढली आणि आम्ही मुलांच्या देखत वाद घालत बसलो. तुम्ही सगळं एका कागदावर लिहून मागा : भाडं, बंदर शुल्क, कर, सेवाशुल्क, आणि रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत.

आर्वीचा_किचनवाला
मुंबई लांब गेली का फोन विमान मोडवर टाका. नाईतर जहाजाच्या उपग्रहाचं नेटवर्क पकडते अन् मोठं बिल येते. म्हनून फोनच्या भरवशावर राहू नका, पयल्याच दिवशी एक जागा ठरवा. चुकामूक झाली त सारे तिथं. पोराच्या मनगटाले पट्टी बांधून त्याच्यावर खोली नंबर अन् संकटात जमाची जागा लिहा.

सुटाच्या आधी संकटात जीव वाचवाची कवायत होते, तिले कंटाळून दांडी मारू नका. खोलीत लहान मापाचं लाइफजॅकेट हाय का ते पयले पाहा. नसन त खोलीवाल्याले सांगा, आनून देते. एकदा घालून पाहा पोरीले, खेळ म्हनून. मी किचनात होतो तरी आमाले पन दर आठोड्याले ते करा लागे.

अन् बुढीले पहाटे वर न्या. साडेपाचले डेक रिकामं असते, पानी काळं असते अन् मंग एका बाजूनं रंग चढते. माही माय एकदा मुंबईच्या बंदरावर मले सोडाले आली होती. ते कठड्याले हात लावून किती तरी वेळ उभी होती, काई बोलली नाई.

चांदूरचा_विनोद
सिंगापूरबद्दल थोडं, म्हणजे पुढच्या वेळेला उपयोगी पडेल. डिस्नेचं अ‍ॅडव्हेंचर जहाज तिथल्या मरीना बे टर्मिनलहून तीन-चार रात्रींच्या फेऱ्या करतं आणि मध्ये कुठल्याच बंदराला लागत नाही, सगळी मजा जहाजावरच. मुलं पाच ते दहाची झाली की तिकडचा पैसा वसूल होतो, अडीच-तीनच्या मुलाला पाण्याचा फवारा आणि बाहुली पुरते. मुलांचे पासपोर्ट काढाल तेव्हा लक्षात ठेवा, लहानांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो, उगाच आत्तापासून काढून ठेवू नका.

वणाकाठ
ठरलं मंडळी. मे महिन्याचा पहिला पंधरवडा, मुंबई–गोवा–मुंबई, मधल्या वाराची फेरी, खालच्या मजल्यावर मधोमध समोरासमोर दोन खोल्या. सोमवारी एजंटकडून सगळं लिहून मागते, आलं की इथे टाकते, कृपया तपासून द्या.

आज संध्याकाळी मुलाला हिंगणघाट स्टेशनवर नेलं होतं. गाडी थांबली तेव्हा आम्ही पहिल्या डब्यापासून चालत नववा डबा गाठला. तो मागे वळून इंजिनाकडे पाहत राहिला, आणि मग सासूबाईंचा हात धरून म्हणाला, "आजी, इथून तिथपर्यंत पाण्यावर." गाडी हलली तरी दोघं तिथंच उभे होते. घरी येऊन त्याने पाटीवर नऊ चौकोन काढलेत आणि एकात स्वतःचा पलंग.