परदेशात सुट्टीसाठी घर भाड्याने घेतलंत? कुठे फसलात, कुठे वाचलात?

धागाकर्ती:
येत्या मे महिन्यात आम्ही सहाजण इटलीला निघालोय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूसासरे. हॉटेलच्या तीन खोल्या परवडेनात, शिवाय सासऱ्यांना रात्री मुगाची खिचडी लागते, म्हणून फ्लोरेन्समध्ये स्वयंपाकघर असलेलं घर शोधतेय. भाड्याने घरं देणाऱ्या एका साइटवर एक पसंत पडलं. घरमालकाने साइटच्या चॅटवरून व्हॉट्सॲपवर यायला लावलं आणि आता म्हणतोय, "साइटचं कमिशन वाचवू, थेट बँकेत पाठवा, 15 टक्के कमी घेतो." नवरा म्हणतो घेऊन टाक. माझं मन धजत नाहीये. ज्यांनी अशी घरं घेतलीत त्यांनी लिहा ना. सल्लेही चालतील, पण आधी काय घडलं ते सांगा.

एकदा पोळलेला:
ताई, पैसे पाठवू नका. आमचं 2019 सालचं लंडन असंच सुरू झालं होतं. घरमालकाने पाठवलेली लिंक उघडली तर पान हुबेहूब त्या साइटचंच. लोगो, रंग, लोकांचे अभिप्राय, सगळं. फक्त वरच्या पत्त्यात एक जादा आडवी रेघ होती, ती मला घरी परतल्यावर दिसली. आठ रात्रींचे 94 हजार. बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरला, पॅन दिला. काउंटरवर कारण विचारलं तर मी ऐटीत "फॅमिली ट्रिप" म्हणालो.

सकाळी सातला बॅगा घेऊन दारात उभे. घर खरंच होतं, दाराचा निळा रंगसुद्धा फोटोतलाच. आतून एक आजीबाई आल्या, आमच्याऐवजी बॅगांकडे बघितलं आणि म्हणाल्या, या महिन्यात तुम्ही तिसरे. चहा पाजला त्यांनी, हे मात्र सांगायला हवं. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, समोरच्या बँकेला विनंती करून बघतो. तोवर खातं रिकामं झालेलं. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान तक्रार टाकून भांडता तरी आलं असतं.

धागाकर्ती:
बापरे. नवऱ्याला वाचायला दिलं. गप्प आहे.

मिलानची सून:
इटलीत 1 जानेवारी 2025 पासून पर्यटकांना भाड्याने देण्याच्या प्रत्येक घराला 'सीआयएन' हा राष्ट्रीय क्रमांक लागतो. त्याची सुरुवात 'आयटी' या अक्षरांनी होते. जाहिरातीत तो द्यावाच लागतो. तुझ्या घरमालकाला नुसता तो नंबर माग. खरा माणूस दोन मिनिटांत देतो. अर्थात दुसऱ्याच्या घराचा नंबर उचलून चिकटवणारेही असतील, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नकोस. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघ. माझ्या नणंदेला "रोममधलं" एक घर लिस्बनच्या इस्टेट एजंटकडे विक्रीला लावलेलं सापडलं होतं!

पासपोर्ट मागितला तर मात्र दचकू नका. पाहुण्यांची माहिती 24 तासांत पोलिसांच्या पोर्टलवर भरणं घरमालकाला बंधनकारक आहे. बऱ्याच शहरांत सिटी टॅक्सही वेगळा द्यावा लागतो, अनेकजण तो रोख मागतात. आणि सासूसासरे आहेत म्हणून सांगते, जुन्या इमारतींत लिफ्ट गृहीत धरू नकोस. छत इतकं उंच असतं की दोन मजले चढताना आपले तीन भरतात.

ठाणेकर:
आमची फजिती सिंगापूरची. तिथे खाजगी घर सलग 3 महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणं बेकायदा आहे, हे आम्हाला पाच रात्रींचे पैसे भरल्यावर कळलं. तेही असं, की घरमालकाचा मेसेज आला, "गेटवर गार्डने विचारलं तर माझे चुलतभाऊ आहोत म्हणा." तो चिनी, आम्ही जोशी! तरी आम्ही पाठ करून गेलो. गार्डने विचारायच्या आत आमच्या आईनेच हसतमुखाने सांगून टाकलं, "हॉलिडे, फाइव्ह डेज." आयुष्यात खोटं बोलली नाही ती. रात्री साडेदहाला लिटल इंडियात हॉटेल शोधत फिरलो. साइटवरून पैसे भरले होते म्हणून तीन आठवड्यांनी का होईना, परत मिळाले.

ओसाकावासी:
जपानमध्ये याच्या उलट. इथे जून 2018 पासून कायदा आहे, साध्या घराला नोंदणी क्रमांक लागतो आणि वर्षाला जास्तीत जास्त 180 रात्री. परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत घरमालकाला ठेवावीच लागते. माझ्या भावाने फसवणूक समजून ती द्यायला नकार दिला आणि बिचाऱ्या मालकाशी तासभर वाद घातला.

कार्डवाला:
आपल्याला ओटीपीची इतकी सवय झालीय की तो आल्याशिवाय पैसे जात नाहीत असं वाटतं. परदेशी व्यवहारात ओटीपी न येताही पैसे कापले जाऊ शकतात. मला तर खुद्द बुकिंगच्या चॅटमध्येच मेसेज आला होता, "12 तासांत कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर बुकिंग रद्द." घरमालकाचं खातंच कुणीतरी हॅक केलेलं. मी मुकाट्याने आकडे भरले. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहारांची मर्यादा 20 हजारांवर ठेवलेली होती, म्हणून 61 हजारांचा व्यवहार अडकला. हुशारी नव्हे, आळस. वाढवायची राहून गेली होती.

म्हापसेकरीण:
मी स्वतः गोव्यात पाहुण्यांना घर देते, रीतसर नोंदणी करून. कमिशन जिवावर येतं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या-तिसऱ्यांदा येणाऱ्यांना मीही सांगते, थेट फोन करा. बालीत आम्हीही त्याच कुटुंबाकडे चौथ्यांदा उतरलो, थेट ठरवून, पैसे आम्ही तिथे पोचल्यावर दिले. पण ज्याने माझं दार पाहिलेलं नाही त्याच्याकडे मी आगाऊ पैसे मागत नाही.

नागपूरकर:
आमचं भांडण डिपॉझिटवरून. प्राहाला मी फोडणी टाकली अन् स्मोक अलार्म कोकलला, अख्खी बिल्डिंग जिन्यात. चूक माझीच. पण निघाल्यावर त्यानं ओट्यावरच्या डागाचे 180 युरो मागितले. बायकोनं शिरताशिरताच घरभर व्हिडिओ काढला होता, डाग त्यात दिसत होता. साइटवाल्यांना तो पाठवला, मागणी फेटाळली गेली.

धागाकर्ती:
सर्वांचे आभार. सीआयएन मागितला. दोन दिवस उत्तर नाही, मग मेसेज आला, "तुमच्यासाठी 25 टक्के कमी." नंबर नाहीच! त्याची तक्रार साइटकडे टाकली आणि साइटवरूनच दुसरं घर घेतलं, थोडं महाग, नंबर जाहिरातीतच होता. व्हिसा होईपर्यंत फुकट रद्द करता येईल असं. लिफ्ट आहे, पण एका वेळी दोनच माणसं मावतात. आता सासूबाईंचा प्रश्न: तिथे इंडक्शन आहे, आपला कुकर चालेल का?

नागपूरकर:
ॲल्युमिनियमचा साधा असेल तर नाही. घरातला लोहचुंबक बुडाला लावून पाहा, चिकटला तर न्या.