परतणाऱ्याला दार उघडताना : अनुभव धागा

येशूला तीस नाण्यांसाठी धरून देणारा शिष्य यहूदा, त्याने पैसे परत केले होते, हे आपण विसरतो. बायबलमध्ये, मत्तय २७ मध्ये स्पष्ट आहे. त्याला पस्तावा झाला, तीस नाणी घेऊन तो मुख्य याजकांकडे गेला आणि निर्दोष माणसाला धरून दिल्याचं त्याने कबूल केलं. समोरून उत्तर आलं की त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. कबुली झाली, परतफेडही झाली, पण ऐकून घेणारं कुणी नव्हतं. प्रभूला तीनदा नाकारणारा पेत्र मात्र बाकीच्या शिष्यांतच राहिला, आणि प्रभूने त्याला तिथेच गाठलं.

म्हणून हा धागा पापात पडलेल्यांसाठी नाही, त्यांना घरात घेणाऱ्यांसाठी आहे. पाळक, धर्मशिक्षक, समुपदेशक, तुरुंगभेटीला जाणारे, मंडळीचे (चर्चच्या समुदायाचे) हिशेब सांभाळणारे, सगळ्यांनी लिहा. एकच विनंती: स्वतःच्या पडण्याची गोष्ट नको आणि दुसऱ्याची तर मुळीच नको. विश्वासाने सांगितलेलं इथे उघडं पडू नये. काय करायचं, कसं करायचं, कुठे फसतं, एवढंच लिहा.

वसईतली धर्मशिक्षिका

पापनिवेदनाबद्दल, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करून क्षमा घेण्याबद्दल लिहिते, कारण बरीच वर्षं न आलेली माणसं तिथेच अडतात. "काय बोलायचं तेच आठवत नाही," हे कारण सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं.

आधी पंधरा-वीस मिनिटं शांत बसा. दहा आज्ञा समोर ठेवा आणि एकेक आज्ञा घेऊन स्वतःला विचारा. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पूर्ण ठाऊक हवं आणि केलेलं स्वतःच्या मर्जीने हवं. अशी पापं प्रकार आणि संख्या दोन्ही सांगून निवेदन करायची असतात. आकडा नक्की आठवत नसेल तर "महिन्यातून साधारण दोनदा, तीन वर्षं" एवढं पुरे. "मी चांगला वागलो नाही" हे निवेदन नव्हे, ते सगळ्यांनाच लागू आहे. "मालकाच्या गल्ल्यातून पैसे घेतले, पाच-सहा वेळा" हे निवेदन झालं. पापाचं स्वरूप बदलणारा तपशीलही सांगा: पैसे दुकानातून घेतले की विधवेच्या औषधाच्या डब्यातून, यात फरक आहे.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करा आणि शेवटचं निवेदन कधी केलं ते सांगा. बारा वर्षं झाली असतील तर तसंच सांगा आणि पुढे जोडा, "फादर, मला मदत करा." त्या एका वाक्याने फादर स्वतः एकेक प्रश्न विचारत पुढे नेतात. दुसऱ्याचं नाव घेऊ नका. नवऱ्याची किंवा सासूची पापं सांगू नका. हे नेहमी घडतं आणि त्यात स्वतःचं राहून जातं. वाक्यात "पण" आला की थांबा, पणच्या पुढे बहुधा वकिली असते.

सांगायचं विसरलात तर काळजी नको, त्याचीही क्षमा झाली. आठवेल तेव्हा पुढच्या वेळी सांगा. पण गंभीर पाप मुद्दाम लपवलं तर ते निवेदन ग्राह्य नाही, आणि पुढच्या वेळी ते लपवणंही सांगून सगळं पुन्हा सांगावं लागतं. गुप्ततेची भीती बाळगू नका. चर्चच्या कायद्यातला ९८३ वा नियम निवेदनाच्या गुप्ततेची ही मोहोर अभंग मानतो, आणि ती मोडण्याची परवानगी कुणीच देऊ शकत नाही.

वेळ निवडताना मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं टाळा, पवित्र आठवड्याची रांगही टाळा. फादरांना आधी सांगून अर्धा तास मागून घ्या. आठवणीसाठी चिठ्ठी केली असेल तर बाहेर आल्यावर फाडून टाका. प्रार्थनेच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेली चिठ्ठी मुलांच्या हाती लागते. फोनमध्ये तर लिहूच नका. दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी, शक्यतो चर्चमधून बाहेर पडण्याआधी करा. उद्यावर टाकलेलं राहतं.

गोव्यातून

आमच्याकडे याला कुमसार म्हणतात. एक जोड. काही माणसं दर आठवड्याला तेच पाप, क्षमा मिळालेलंच पुन्हा घेऊन येतात, कारण क्षमा झाली यावर मन बसत नाही. अशा शंकेखोर मनाला दर वेळी नवा फादर शोधू देऊ नका. एकच फादर धरायला सांगा आणि त्यांनी "हे पुन्हा सांगू नकोस" म्हटलं की ते मोडायचं नाही. हात पुन्हा पुन्हा धुणं, दार पाच वेळा तपासणं असंही जोडीला असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. तो आजार आहे, श्रद्धेची उणीव नव्हे.

आखातात काम करणारी नर्स

फोनवर किंवा व्हिडिओवर पापनिवेदनाचा संस्कार होत नाही, फादर कितीही ओळखीचे असले तरी. बोलता येतं, धीर मिळतो, पण पापक्षमा समोरासमोरच. जहाजावर किंवा वाळवंटातल्या साइटवर फादर मिळतच नसतील तर देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करावा आणि संधी मिळताच निवेदन करण्याचा निश्चय करावा. चर्चची शिकवण सांगते की अशा पश्चात्तापाने गंभीर पापाचीही क्षमा होते. तो निश्चय मात्र खरा हवा.

मंडळीचे हिशेब बघणारा, पुणे

पैशाच्या बाबतीत माणसं रडतात लवकर आणि कागद करतात उशिरा. कागद आधी करा.

एका वहीत तीन रकाने आखा: कुणाचे, किती, कधी घेतले. अंदाज नको, पासबुक आणि जुने मेसेज काढून आकडा लिहा. बायबलच्या गणना ५ मध्ये मुद्दलावर पाचवा हिस्सा घालून परत करायला सांगितलंय. लुबाडणारा जकातदार जक्कय येशूला बघायला चढलेल्या उंबरावरून खाली उतरला आणि चौपट देतो म्हणाला. लुबाडलेल्या पैशासाठी चौपट हा कायद्याचा आकडा नव्हता, तो त्याच्या आनंदाचा आकडा होता, तेव्हा तो कुणावर लादू नका. पाचवा हिस्सा धरायला चांगला. भिशीतले ४०,००० उचलले असतील तर ८,००० घालून ४८,००० होतात. महिना ४,००० प्रमाणे बारा हप्ते. पगार बघून हप्ता ठरवा. पहिल्याच महिन्यात १५,००० देऊन तिसऱ्या महिन्यात बंद पडलेली परतफेड समोरच्याला दुसऱ्यांदा फसवते.

क्रम महत्त्वाचा. मजुराची थकलेली मजुरी सगळ्यात आधी, मग गरिबाचं देणं, मग संस्थेचं. बायकोचे दागिने मोडून किंवा नवं कर्ज काढून देऊ नये. ती परतफेड नाही, भार दुसऱ्याच्या डोक्यावर टाकणं आहे. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. माणूस वारला असेल तर वारसांना द्या, वारस सापडत नसतील तर गरिबांना. नाव न सांगता परत करणंही चालतं. फक्त रक्कम पूर्ण हवी.

केस चालू असेल तर लेखी माफीनामा देण्याआधी वकिलांशी बोला, कारण लेखी कबुली पुरावा ठरू शकते. याचा अर्थ पळ काढा असा नाही. वकिलांमार्फत पैसे भरण्याचा मार्ग निघतो. आणि एक गोष्ट मंडळीने पाळावी: ज्याने दानपेटीला हात लावला त्याला पुन्हा दानपेटीजवळ बसवू नका. तो मोह आपण त्याच्यासमोर ठेवतो. गायनात घ्या, खुर्च्या लावायला घ्या, आजाऱ्यांच्या भेटीला न्या.

पाळक, अहिल्यानगर जिल्हा

मंडळीत परत घेण्याचं बोलतो. मत्तय १८ चा क्रम आपण उलटा करतो. आधी एकट्याने जायचं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. आपल्याकडे आधी मंडळीत कुजबुज, मग कमिटी, आणि त्या माणसाशी सगळ्यात शेवटी.

पद काढून घ्यावं, उपासना काढून घेऊ नये. शेवटच्या बाकावर बसणाऱ्याच्या शेजारी मंडळीतला एक वडीलधारा माणूस मुद्दाम जाऊन बसला पाहिजे. ही व्यवस्था रविवारआधी ठरवून ठेवा, त्या दिवशी कुणाला सुचत नाही. दोनच माणसं नेमा. एक दर आठवड्याला भेटणारा, एक हिशेब विचारणारा. कुठे जातोस, पैसे किती, रात्री फोनवर काय बघतोस, असे थेट प्रश्न. कमिटीच्या नऊ जणांना त्याला सांभाळता येत नाही.

दुसरी चूक म्हणजे साक्षीची, मंडळीसमोर आपला बदल सांगायला लावण्याची घाई. माणूस दोन महिने नीट वागला की लगेच माइक देतो. टाळ्या पडतात, तो पुन्हा घसरतो, आणि या वेळी लाजेने यायचंच बंद करतो. किमान एक वर्ष माइक नको. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात नवशिक्याला अध्यक्ष करू नये म्हटलंय, तीच काळजी इथे घ्या.

उलट टोकही आहे. २ करिंथ २ मध्ये प्रेषित पौल सांगतो की शिक्षा पुरे झाली, आता क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. म्हणून शिस्तीला सुरुवातीलाच शेवटची तारीख लिहा. तारीख नसलेली शिस्त ही हकालपट्टीच असते.

योहानाचं शुभवर्तमान शिकवणारी

पाळकसाहेबांच्या मुद्द्याला धरून. योहान २१ मधला किनाऱ्यावरचा विस्तव कोळशांचा आहे. त्यासाठीचा ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो, इथे आणि १८:१८ मध्ये, जिथे पेत्र शेकत उभा होता आणि "मी नाही" म्हणाला. प्रभू त्याला तशाच विस्तवापाशी आणतो. पण आधी काय? "या, न्याहारी करा." मासळी भाजलेली आहे, भाकर आहे. "माझ्यावर प्रेम करतोस का?" हा प्रश्न खाणं झाल्यावर. तीनदा नाकारलं म्हणून तीनदा प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरानंतर काम: माझी मेंढरं चार.

भेटीला जाताना हा क्रम पाळा. रिकाम्या पोटी कुणाची चौकशी करू नका. आणि हाक त्याच्या नावाने मारा. तिथे प्रभू "शिमोना" म्हणतो, "नाकारणाऱ्या" म्हणत नाही.

समुपदेशक, मुंबई उपनगर

दारूबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, इथे चूक जिवावर बेतते.

रोज भरपूर पिणाऱ्याला प्रार्थना शिबिरात नेऊन एका दिवसात दारू बंद करायला लावू नका. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, बरळणं सुरू होऊ शकतं, आणि त्यात माणूस दगावतो. या भासांना भूतबाधा समजून रात्रभर प्रार्थनेत बसवून ठेवणं मोठी चूक आहे. आधी डॉक्टर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व). प्रार्थना त्या खाटेशेजारी बसून करा, ती तिथेही ऐकली जाते.

पुढे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची सभा. ती १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावात सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांवर ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीची छाप आहे, तरी ती कुठल्याही धर्माची नाही. चौथ्या पायरीवर स्वतःच्या दोषांची लेखी झडती, पाचवीवर ती देवापुढे आणि एका माणसापुढे बोलणं, आठवीवर दुखावलेल्यांची यादी, नववीवर भरपाई. नवव्या पायरीला अट आहे, भरपाईने कुणाला आणखी इजा होत असेल तर ती करायची नाही. स्वतःचं मन हलकं करायला दुसऱ्याचा संसार पेटवू नये. आपल्याकडे वांद्र्याला फादर ज्यो परेरांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. तिथे या पायऱ्यांना योगासनांची जोड आहे.

पुन्हा प्यायला तर ती तारीख लिहून ठेवा आणि आधीच्या तीन दिवसांत काय घडलं ते विचारा: झोप, भांडण, पगार, जुना मित्र. कारण बहुधा तिथेच सापडतं.

पाळक, अहिल्यानगर जिल्हा

वर राहून गेलं. दोन ठिकाणी "क्षमा करा आणि मिटवा" अजिबात चालत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तो मंडळीत मिटवता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने कळवणं बंधनकारक आहे, पाळकांनीसुद्धा. चाइल्डलाइन १०९८. त्या माणसाला पश्चात्ताप झाला तरी संडे स्कूलमध्ये तो पुन्हा कधीच नाही. आणि नवरा मारत असेल तर बायकोला घरी परत पाठवू नका. क्षमा वेगळी, परत नांदायला जाणं वेगळं. तिने क्षमा केली म्हणून तिने दार उघडलंच पाहिजे असं कुठल्याही वचनात नाही.

तुरुंगभेटीला जाणारी

फिलेमोनाचं पत्र पंचवीस ओव्यांचं आहे, आत जाण्याआधी ते वाचून जा. फिलेमोनाकडून पळून गेलेल्या अनेसिम या गुलामासाठी पौल त्याला लिहितो की त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. सुटका होणाऱ्यासाठी नेमकं तेच लागतं. कुणीतरी नाव द्यावं लागतं: खोलीच्या भाड्याला, कामाला, शाळेतल्या मुलांच्या फॉर्मला.

सुटकेच्या दिवशी फाटकाशी माणूस हवा. पहिली रात्र कुठे, हे आठवडाभर आधी ठरवा. ते ठरलेलं नसेल तर जुनी टोळी ठरवते. आधार, बँक खातं, रेशनकार्ड, या क्रमाने कागद लावा. पत्रं अधिकारी वाचतात, तेव्हा त्यांत केसबद्दल काही लिहू नका. न पाळता येणारं वचन देऊ नका. "रविवारी येईन" म्हणून न गेलेला रविवार आतला माणूस विसरत नाही.

केडगावजवळून

कामाबद्दल एक. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये कृपासदन होतं, समाजाने पतित ठरवलेल्या बायकांसाठी. तिथे नुसती भजनं नव्हती. मिशनमध्ये शेती होती, विणकाम होतं आणि छापखाना होता. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, १९२४ मध्ये त्यांचं मराठी बायबल बाहेर आलं, आणि त्याचे छपाईचे खिळे (अक्षरांचे टाइप) मिशनमधल्या बायकामुलींनीच जुळवले होते. परतलेल्याला खरं काम द्या. चुकलं तर दिसेल आणि जमलं तर उपयोगी पडेल असं काम.

समुपदेशक, मुंबई उपनगर

यहूदाचा उल्लेख वर आला, त्याने पुढे गळफास घेतला, म्हणून सांगते. प्रकरण उघड झाल्यावरचे पहिले काही दिवस फार जोखमीचे. एकटं सोडू नका, रात्री कुणीतरी त्याच खोलीत झोपा, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या हलवा. "मरावंसं वाटतं का?" असं थेट विचारा, विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.

वसईतली धर्मशिक्षिका

दारू सोडलेल्यांसाठी ख्रिस्तशरीराबद्दल, मिस्सेत भाकर आणि द्राक्षारसाच्या रूपात मिळणाऱ्या प्रसादाबद्दल विचारलं जातं. फक्त भाकरीच्या रूपात घेतलं तरी ख्रिस्त पूर्ण मिळतो, काही कमी राहत नाही. आधी फादरांना सांगून ठेवा म्हणजे रांगेत अवघडल्यासारखं होत नाही.

समुपदेशक, मुंबई उपनगर

हो, आणि डायसल्फिराम (दारू सुटावी म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर द्राक्षारसाचा (वाइनचा) घोटसुद्धा टाळा. चेहरा लाल होतो, धडधडतं, उलट्या होतात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे हा त्रास होऊ शकतो. ज्या मंडळीत प्रभुभोजनाला मनुका उकळून रस काढतात तिथे तो त्याच सकाळी काढा. आदल्या रात्रीचा बाहेर राहिलेला रस उन्हाळ्यात आंबायला लागतो. नाताळात रममध्ये भिजवलेल्या फळांचा केक आणि खोकल्याची काही औषधं, दोन्हीची लेबलं वाचा. पाहुण्यांकडे जाताना घरच्यांनी आपला साधा केक सोबत नेला की प्रश्नच येत नाही.