'डेप्थ' म्हणजे खोली, फळी की उतरंड?

चौथं डाउन:
मंडळी, अमेरिकन फुटबॉलबद्दल मराठीत लिहायला बसलं की 'रिसीव्हर डेप्थ'पाशी गाडी अडते. रिसीव्हर म्हणजे पास झेलणारा गडी, आणि डेप्थ म्हणजे त्याच्यामागे किती चांगले बदली आहेत ते. एक उदाहरण घेऊ. २०२५चा हंगाम तोंडावर आला होता आणि ग्रीन बे पॅकर्स या एनएफएलमधल्या (तिकडची व्यावसायिक लीग) संघाचे चाहते एकाच वाक्यावर भांडत होते: वाइड रिसीव्हरमध्ये आपल्याकडे डेप्थ आहे, पण नंबर वन नाही. शब्दाला शब्द ठेवला तर 'रुंद स्वीकारकांची खोली', म्हणजे लठ्ठ कारकुनांचं वसतिगृह. त्यात 'वाइड'ला क्रिकेटने आधीच एका अवांतर धावेत अडकवलंय. तेव्हा तीन शब्द हवेत: वाइड रिसीव्हर, डेप्थ आणि डेप्थ चार्ट (कोणत्या जागेवर कोणाच्या मागे कोण, याची यादी). नुसता 'रिसीव्हर' तसाच ठेवू, टेलिफोनचा आठवला तरी चालेल.

शाईपेन:
'वाइड' हा माणसाचा आकार नाही, उभं राहायची जागा आहे. मैदान १६० फूट रुंद. मधे लाइनमनची, म्हणजे चेंडूवाल्याला राखणाऱ्या धिप्पाडांची, भिंत, आणि हा गडी तिच्यापासून लांब, सीमारेषेच्या बाजूला. म्हणून 'कडेचा रिसीव्हर'.
'डेप्थ'ला 'दुसरी फळी' म्हणा. 'फलंदाजीत खोली आहे' हे क्रिकेटच्या बातम्यांत रुळलंय खरं, पण तिथे आठव्या-नवव्या क्रमांकाचा माणूस अकरांत असतोच, नुसती त्याची पाळी उशिरा येते. इथे प्रश्न बाकावरच्यांचा आहे. 'दुसरी फळी' म्हटलं की ते लगेच कळतं.

आडवी रेघ:
फळी पटत नाही. फळी म्हटली की पहिली आणि दुसरी यांच्यामधे एक स्पष्ट रेघ येते, आणि रिसीव्हरांत ती रेघ नसते. संघरचनेचा आकडा बघा. '११' म्हणजे एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) आणि एक टाइट एंड (भिंतीला लागून उभा राहणारा, अडवतोही आणि झेलतोही). पाच लाइनमन आणि क्वार्टरबॅक (पास फेकणारा) धरून झाले आठ, मैदानावरच्या अकरांतले उरलेले तीन वाइड रिसीव्हर. '१२' लावलं की दोनच, '१०' लावलं की चार. म्हणजे पहिल्या फळीत किती जण हे प्रत्येक खेळीगणिक बदलतं. तिसरा रिसीव्हर पहिल्या फळीतला की दुसऱ्या?
आणि 'कडेचा' सुद्धा अर्ध्यांनाच लागू होतो. स्लॉटमधला माणूस कडेला नसतोच. स्लॉट म्हणजे भिंतीचा शेवटचा लाइनमन आणि कडेचा रिसीव्हर यांच्यामधली फट. 'फटीतला रिसीव्हर' म्हणायची हिंमत कोणी करणार नाही, म्हणून 'आतला' आणि 'बाहेरचा' एवढं साधं पुरे.

चौथं डाउन:
आतला-बाहेरचा घेतला. पण बाहेरच्या दोघांतही फरक आहे ना? एक्स आणि झेड?

आडवी रेघ:
आहे, आणि डेप्थची खरी भानगड तिथेच आहे. नियम असा की चेंडू सुटताना आक्रमणाचे किमान सात जण रेषेवर, म्हणजे चेंडू ठेवलेल्या आडव्या रेषेवर, हवेत. त्या रांगेतल्या फक्त दोन टोकांच्या माणसांना पास झेलता येतो. शिवाय रेषेच्या मागे उभे असलेल्यांना. एक्स हा टोकाचा, रेषेवरचा. झेड दुसऱ्या बाजूला, पण एक पाऊल मागे, कारण त्या बाजूचं टोक बहुतेक वेळा टाइट एंडने घेतलेलं असतं. झेड चुकून रेषेवर आला तर टाइट एंड 'झाकला' जातो आणि त्याने पास झेलला तर पेनल्टी. झाकणे हा शब्द इथे चपखल बसतो, लिहून ठेवा.
याचे परिणाम असे. एक्स रेषेवर असल्यामुळे समोरचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) त्याच्या छातीला छाती लावून उभा राहू शकतो, आणि पहिल्या ५ यार्डांत त्याला हात लावून अडवणं नियमात बसतं. एक्सची जागा कोणी भरल्याशिवाय त्याला चेंडूआधी आडवं सरकताही येत नाही. झेड एक पाऊल मागे, त्यामुळे त्याला सुटायला श्वासभर जागा मिळते, आणि त्याला सरकवता येतं. आतल्याला दोन्हीकडे वळता येतं, पण तो लाइनबॅकर (मधले बचावपटू) आणि सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) यांच्या गर्दीत असतो.
आता एक्स जखमी झाला आणि तुमच्याकडे तीन चांगले आतले रिसीव्हर शिल्लक आहेत. मोजणीत चार होते, तीन उरले. प्रत्यक्षात एक्सच्या जागी शून्य. आतल्याला बाहेर नेला की पहिल्या दोन पावलांतच अडकतो, क्वार्टरबॅक तिसऱ्या पावलावर बघतो तर माणूस अजून रेषेवरच. मग चेंडू उशिरा सुटतो आणि दोष क्वार्टरबॅकला. म्हणून डेप्थला 'भरणा' म्हणू नका. भरणा डोकी मोजतो.

पायरीवरचा:
२०२५च्या त्या पॅकर्सना हे लावून बघा. ख्रिश्चन वॉटसन, ६ फूट ४ इंच, बाहेरून सरळ सुसाट धावून बचाव मागे ढकलणारा. जानेवारी २०२५मध्ये गुडघ्याचा एसीएल (अस्थिबंध) तुटला, म्हणून हंगामाची सुरुवात तो बाहेर बसून करणार होता. जेडन रीड ५ फूट ११, मुख्यत्वे आतला. २०२४मध्ये संघात सर्वाधिक यार्ड त्याचेच: ५५ झेल, ८५७ यार्ड, ६ टचडाउन. पण वॉटसनची जागा रीड भरू शकत नाही, जागाच वेगळी आहे. रोमिओ डब्स बाहेरचा, भरवशाचा. डाँटेव्हियन विक्स माणसाला चकवून मोकळा होतो, मग चेंडू हातातून निसटतो. मॅथ्यू गोल्डन नवा, आणि सव्हियन विल्यम्स हा ढकलत-रेटत पळणारा, त्याला अजून धावेच्या वाटा शिकायच्या होत्या. नावं सहा, पण वॉटसन नसताना मैदान लांबवणारा म्हणून भिस्त एकट्या नवख्या गोल्डनवर होती.

सांजवात:
एक गंमत कोणाच्या लक्षात आली नाही का? एनएफएलमधले प्रशिक्षक एकाच जागेच्या खेळाडूंच्या गटाला 'रूम' म्हणतात: 'अवर रिसीव्हर रूम इज डीप.' इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द लागतात. मराठीत 'खोली' रूमही आणि डेप्थही! 'पॅकर्सची रिसीव्हरांची खोली' म्हटलं की दोन्ही अर्थ एका फटक्यात. शाईपेन, तुम्ही खोलीला घाईने बाहेर काढलंत.

शाईपेन:
कोटी म्हणून मान्य. वापरायला धोका. 'पॅकर्सची खोली वाढली' वाचून बांधकाम आठवणार. 'खोल' विशेषण चालेल फार तर: 'रिसीव्हरांचा गट खोल आहे'. तेही कानाला विहिरीसारखं लागतं.

वऱ्हाडी ठेचा:
डेप्थ चार्टला 'उतरंड' म्हणा न राजेहो. प्रत्येक जागेची एक वेगळी उतरंड, वरचं मडकं उचललं की खालचं हाती येते. एक्सची एक, झेडची एक, स्लॉटची एक. आडवी रेघ सांगून राहिले ते यातच येते, का एका उतरंडीतलं मडकं दुसऱ्या उतरंडीवर नीट बसत नाही.

आडवी रेघ:
वा. एवढाच खटका की उतरंडीत मोठं मडकं तळाला असतं आणि चार्टमध्ये मोठा माणूस वर. पण 'सत्तेची उतरंड' म्हणताना तरी कोण मडकी मोजतं? घ्या.

चौथं डाउन:
डेप्थ चार्ट = उतरंड, ठरलं. डेप्थ अजून लटकलेलीच आहे. आणि जे खेळणारच नाहीत त्यांना काय?

पायरीवरचा:
त्यांच्यासाठी मराठीत शब्द तयार आहे: खोगीरभरती. उन्हाळी सराव शिबिरात ९० जण असतात, त्यांत रिसीव्हर दहा-बारा. ऑगस्टअखेरच्या 'छाटणी'त संघ ५३वर येतो आणि रिसीव्हर साधारण पाच-सहा राहतात. १६ जणांचं सराव पथक वेगळं. त्यातून दर सामन्याला दोघांना वर घेता येतं, पण एकाच माणसाला नियमित हंगामात फक्त तीनदा. चौथ्यांदा हवा असेल तर ५३मध्ये जागा करा. सामन्याच्या दिवशी कपडे चढवणारे ४८, तेही आठ आक्रमक लाइनमन असतील तर, नाहीतर ४७.
म्हणून पाचवा-सहावा रिसीव्हर केवळ झेलण्यावर टिकत नाही. पंट (चेंडू लाथेने दूर समोरच्यांकडे मारणं) झाल्यावर कडेने पहिला पोचणारा 'गनर', किंवा किक परतवणारा, असं काहीतरी अंगात हवं. पॅकर्सचा रिसीव्हर बो मेल्टनला २०२५च्या उन्हाळ्यात कॉर्नरबॅक म्हणूनही खेळवून बघितलं, ते उगीच नाही. चाहते मात्र सहाव्या जागेसाठी कोणाचे हात चांगले यावरच रात्री जागवतात.

सांजवात:
तर मग डेप्थसाठी 'पाठबळ' कसं? 'रिसीव्हरांत पाठबळ आहे.' मागे माणसं आहेत, आणि ती नुसती भरती नाहीत, त्यांच्यात बळ आहे.

शाईपेन:
पाठबळ पैशाचं, पक्षाचं असतं. तरी वाक्यात बरं बसतंय. फळीचा हट्ट सोडतो.

वऱ्हाडी ठेचा:
आता 'नंबर वन' राहिला. सोपं आहे: एक नंबर!

आडवी रेघ:
थांबा, सोपं नाही, उलट इथे मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. 'नंबर वन रिसीव्हर'चे दोन अर्थ चाहते बेमालूम मिसळतात. एक, उतरंडीत सर्वांत वरचा. तो प्रत्येक संघाकडे असतोच, कोणीतरी वर असणारच. दुसरा, ज्याच्यावर दोन बचावपटू सोडावे लागतात असा. मराठीत पहिला 'पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर' आणि दुसरा 'एक नंबर रिसीव्हर'. 'चा' गेला की दर्जा आला. मात्र 'एक नंबरचा' म्हणू नका, पुढे चोर किंवा थापाड्या येतो अशी कानाला सवय आहे.
पॅकर्सकडे शेवटचा एक नंबर म्हणजे डावांटे अ‍ॅडम्स. २०२१मध्ये १२३ झेल, १,५५३ यार्ड. मार्च २०२२मध्ये त्याला रेडर्स संघाकडे धाडलं, आणि त्यानंतर २०२४पर्यंत पॅकर्सच्या एकाही रिसीव्हरने हंगामात १,००० यार्ड ओलांडलेले नाहीत. २००२च्या जॅव्हॉन वॉकरनंतर ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत रिसीव्हर निवडला तो थेट २०२५मध्ये, २३वा, गोल्डन. दोन जण अंगावर घेणारा नसला की काय होतं? बचाव एकेकाला एकेक माणूस लावतो, सेफ्टी मोकळा राहतो आणि तोच धाव अडवायला पुढे येतो. म्हणजे फटका बसतो रनिंग बॅकला.

चौथं डाउन:
मग माझं वाक्य: 'पॅकर्सच्या रिसीव्हरांत पाठबळ आहे, पण एक नंबर कोणी नाही.' चालेल?

पायरीवरचा:
चालेल. विक्सबद्दल लिहिताना एक सांभाळा. 'झेल सुटला' आणि 'झेल सोडला' एक नाही. चेंडू बोटांना लागून गेला तर सुटला. छातीवर आलेला खाली पडला तर सोडला, आणि आकडेवारीत 'ड्रॉप' म्हणून साधारण हाच धरतात.

सांजवात:
आणि 'जीवदान' लिहू नका. क्रिकेटमध्ये झेल सुटला की समोरच्या फलंदाजाला जीवदान मिळतं. इथे आपल्याच माणसाने आपलाच झेल सोडलेला असतो.

वऱ्हाडी ठेचा:
तिसऱ्या डाउनवर (दहा यार्ड काढायच्या चार संधींतल्या तिसऱ्या संधीला) सोडला तर बहुतेकदा लगेच पंट. जीवदान कायचं?