मदत हवी आहे : फोटोवॉकला यंत्रमागावर बारा जण न्यायचे कसे?

मंडळी, येत्या रविवारी आम्ही बारा जण सोलापुरात फोटोवॉक करतोय. सकाळच्या कोवळ्या उन्हात सिद्धेश्वर तलाव, मग भुईकोट किल्ला, इथवर सगळं ठरलंय. अडलंय ते पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यापाशी.

मागच्या महिन्यात मी एकटाच गेलो होतो. एका आजोबांनी माझ्यासाठी माग थांबवला. चादरीवर हात ठेवून ते शांत उभे राहिले, भुवयांवर कापसाची पांढरी तूस. फोटो सुरेख आला, पण मजुरी नगावर असते हे नंतर कळलं आणि फार वाईट वाटलं. आता बारा कॅमेरे घेऊन आत शिरलो तर त्यांच्या कामाचं काय? मालकांची परवानगी मिळाली आहे, पण कामगारांना कसं विचारावं? तिथे बरेच जण घरात तेलुगू बोलतात. आमच्यात तेलुगू येणारं कुणी नाही. कुणी सोबत याल का?

दुसरं, ट्यूबलाइटमुळे माझ्या काही फोटोंत आडवे पट्टे आले. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूबलाइट तिच्याच तालावर लुकलुकते, म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवायचं ठरवलंय. पण 1/50 ला धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग) पुसट येतो, तो मला आवडतो. माणूस मात्र हलायला नको. ट्रायपॉड चालेल का तिथे? वाट फार अरुंद आहे. तूस उडते म्हणून आत लेन्स बदलायची नाही, एवढं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आणि प्रिंट काढून आजोबांना द्यायचीय. केवढ्या आकाराची काढू?