अनुभव धागा : लहानग्यांचा ऑनलाइन इंग्रजीचा तास कसा आखता?

गोदाकाठ
माळा आवरताना २०२० मधली चित्रकार्डं सापडली. मागे पेन्सिलीने मिनिटं लिहिलेली. ते दिवस आठवले, म्हणून धागा काढतेय. वय ५ ते ८, मराठी माध्यम किंवा सेमी.
माझा आराखडा ३० मिनिटांचा: ३ मिनिटं नमस्कार आणि खिडकीबाहेर बघून 'इट इज सनी', ५ मागचे शब्द, ७ नवे शब्द, ६ उठून करायच्या सूचना, ६ खेळ, ३ निरोप. नवे शब्द पाचच, आणि सुटे नाहीत, 'आय हॅव अ...' अशा एकाच साच्यात बसणारे. दर तीन मिनिटांनी मुलाच्या हातांना काम हवं, नाहीतर मूल पडद्यावरून उठून पलंगाखाली जातं. तुम्ही कसं करता, कुठे अडतं?

सातपूरकर
'सगळे एकत्र म्हणा' ऑनलाइन चालत नाही. प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोहोचतो आणि कवितेचा गोंधळ होतो. एकाचा माइक चालू, बाकी सगळे म्यूट, पण घरात मोठ्याने म्हणायचं. ओठ हलताहेत का ते बघा. दर ओळीला मूल बदला.
गाणं लावताना स्क्रीन शेअरमध्ये आवाजाची टिक करा, नाहीतर मुलांना मूकपट दिसतो.

मेरीचा_कट्टा
टाळ्यांचा खेळ असेल तर झूममध्ये ओरिजिनल साउंड चालू करा. एरवी ॲप टाळीला गोंगाट समजून गाळतं.

पंचवटीची_आत्या
उच्चारांवर कोणी बोललं नाही अजून, आणि खरं अडतं तिथेच. मराठीत एकच व, त्यामुळे व्हॅन आणि वन यांची सुरुवात सारखीच निघते. मुलाला आरसा द्या. 'व्ही' ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून गुणगुणायचं, 'डब्ल्यू' ला ओठांचा चंबू, दात कुठेच नाहीत. 'एफ' ला आपण दोन्ही ओठ मिटून फ म्हणतो. तिथेही दात ओठावर, नुसती हवा. 'पी' ला उलट करायचं: कागदाची पट्टी ओठांसमोर धरून 'पेन' म्हणायचं. पट्टी हलली पाहिजे. आपल्या प ला ती जेमतेम हलते.
फोनवर सन आणि फन यांतला फरक ऐकू येत नाही. स आणि फ वेगळे ओळखू येतात ते बारीक, वरच्या पट्टीतल्या आवाजामुळे, आणि स्वस्त स्पीकरमध्ये तोच गळतो. म्हणून असे शब्द म्हणताना कॅमेरा तोंडाजवळ घ्या, फक्त ओठ ते हनुवटी दिसू दे. मूल चुकलं तर आधी हे तपासा, मग टोका.

cidco नव्हे सिडको
पांढऱ्या पाटीवर काळा किंवा गडद निळा जाड मार्कर. पिवळा, पोपटी दिसतच नाही. आपल्या चौकोनात अक्षरं उलटी दिसली तरी मुलांना सुलटी दिसतात, पाटी फिरवू नका.

निफाडची_ताई
'ब्रिंग मी समथिंग ग्रीन' आमच्याकडे सगळ्यात चालतं. वीस अंक मोजेपर्यंत आणायचं. आदल्या दिवशी आईला व्हॉट्सॲपवर यादी पाठवा. काच, सुरी, गॅसजवळचं काही नको. फेब्रुवारीत वन ग्रेप, टू ग्रेप्स मोजत खायची, शेवटचा स मुलं गिळतात तो तिथे पक्का होतो. मूल पाचच्या आतलं असेल तर द्राक्षं उभी चिरून, अख्खी घशात अडकतात.

गोदाकाठ
ताई, चिरण्याचं फार बरं सांगितलंत, यादीत घालते.

इंदिरानगर_०९
कैरीला काय शिकवता, ग्रीन की रॉ मँगो?

निफाडची_ताई
दोन्ही चालतात. लोणच्याच्या कैऱ्या आल्या का तिकडे बाजारात?

इंदिरानगर_०९
आल्यात, पण अजून कोय कवळी आहे. थांबा थोडं.

नाशिकरोड_स्टेशन
पंखा तो, खुर्ची ती. म्हणून मुलं फॅनला 'ही' आणि चेअरला 'शी' म्हणतात. ही चूक निष्काळजीपणाची नाही, मराठीच्या लिंगातून आलेली आहे, रागावू नका. दोन टोपल्या काढा, एक माणसांची, एक वस्तूंची. वस्तूंच्या टोपलीत पडलं की 'इट'.
'धिस इज व्हॉट?' सुद्धा तसंच, 'हे काय' चा क्रम. तीन रंगांची तीन कार्डं मुलाच्या हातात द्या आणि व्हॉटचं कार्ड त्यालाच उचलून पुढे ठेवू द्या. समजावून सांगण्यापेक्षा हात हलला की लवकर बसतं.
प्रश्न विचारल्यावर मनात सातपर्यंत मोजा. त्यातला एखादा सेकंद नेटवर्क खातं, उरलेला वेळ मुलाचा आहे.

सातपूरकर
सातवर +१. आपण तिसऱ्यालाच उत्तर सांगून मोकळे होतो.

मखमलाबाद_नाका
शेजारी बसलेली आई कुजबुजून उत्तर देते त्याचं काय करायचं?

पंचवटीची_आत्या
तिला काम द्या. मुद्दाम चुकायचं. ती बॉलला कॅट म्हणते, मूल ओरडून दुरुस्त करतं. दोघांनाही मजा येते.

मेरीचा_कट्टा
फोन हातात नको, डाळीच्या डब्याला टेकवा, डोळ्यांच्या उंचीवर. पडद्यावर एका वेळी चारच चित्रं, सहा इंचांत त्याहून जास्त घातली तर बारीक होतात. झूम फुकटात ४० मिनिटं देतं, म्हणजे ३० चा तास, ५ जोडणीची, ५ राखीव.

मखमलाबाद_नाका
वीज गेली तर?

गोदाकाठ
साध्या कॉलवर 'लिसन अँड ड्रॉ', १० मिनिटं. ड्रॉ अ बिग सर्कल. टू स्मॉल आइज. कागद आणि खडू पुरतो. चित्राचा फोटो वीज आल्यावर. आत्या, आरशाचा भाग मी नव्या शब्दांच्या ७ मिनिटांतली शेवटची २ काढून घालतेय, जमेल ना?

पंचवटीची_आत्या
शेवटी नको, पहिली २ घे. उच्चार आधी बसू दे, चित्र नंतर दाखव. आणि आरसा प्लॅस्टिकचा घ्यायला सांग.