राजदूत ३५० : दोन सिलिंडरचे टायमिंग स्थिर राहत नाही

प्रश्न : जुनी_गाडी_सातारा

नमस्कार. माझ्याकडे एस्कॉर्ट्सने फरीदाबादला तयार केलेली राजदूत ३५० आहे. इंजिन पूर्ण उघडून नवीन पिस्टन, रिंगा आणि क्रँकचे सील बसवले आहेत. क्रँक मात्र जुनीच ठेवली आहे, कारण दोन्ही कनेक्टिंग रॉडमध्ये ढिलेपणा आढळला नव्हता. पूर्वी ही गाडी ज्यांच्याकडे दिली जात असे, ते पॉइंटमध्ये (उघडल्यावर ठिणगी पाडणाऱ्या संपर्क-स्विचमध्ये) सिगारेटचा कागद धरून आणि इंजिनचा आवाज ऐकून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) लावत. यावेळी मी पिस्टनची जागा मोजायला डायल गेज आणला आहे आणि यामाहाच्या (राजदूत ३५० ही यामाहाच्या आरडी३५० चीच भारतीय आवृत्ती) मूळ मॅन्युअलप्रमाणे पिस्टन टीडीसीच्या, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या, २.० मिमी खाली असताना पॉइंट उघडावेत असा प्रयत्न करतो आहे.

अडचण अशी की एका सिलिंडरचे टायमिंग बरोबर २.० वर आणून पॉइंट बसवलेल्या प्लेटचे स्क्रू आवळले आणि क्रँक काही फेरे फिरवली, की तेच टायमिंग कधी १.८ तर कधी २.२ दिसते. दुसऱ्या सिलिंडरचेही तसेच आहे. शिवाय मल्टिमीटर बझरवर ठेवला, तर पॉइंट डोळ्यांना उघडलेले दिसत असूनही बझर थांबत नाही. नवीन पॉइंट सदोष असावेत की माझी पद्धत चुकते आहे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : टू_स्ट्रोक_कोल्हापूर

बझरचा प्रश्न सोपा आहे. पॉइंटची वायर ठिणगीसाठीच्या कॉइलला जोडलेली असेल, तर पॉइंट उघडल्यावरही कॉइलच्या प्रायमरी गुंडाळीतून मीटरला वाट मिळते, आणि त्या गुंडाळीचा रोध इतका कमी असतो की बझरला दोन्ही स्थिती सारख्याच वाटतात. एकतर वायर सोडवून मोजावे, किंवा १२ व्होल्टचा लहान बल्ब पॉइंटचे टर्मिनल आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये जोडून इग्निशन स्विच चालू करावा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो आणि ज्या क्षणी ते उघडतात त्या क्षणी पेटतो. मला बल्बच अधिक भरवशाचा वाटतो. फक्त पॉइंट मिटलेल्या अवस्थेत स्विच फार वेळ चालू ठेवू नये, कारण कॉइल तापते.

आता मुख्य मुद्दा. या इंजिनमध्ये वेगानुसार टायमिंग पुढे-मागे करणारी यंत्रणा नाही; जे लावाल तेच आयडलपासून सर्वोच्च वेगापर्यंत राहते, म्हणून येथे काटेकोरपणाला पर्याय नाही. ५४ मिमी स्ट्रोकच्या या इंजिनात २.० मिमी म्हणजे क्रँकचे सुमारे २० अंश होतात आणि ०.१ मिमीचा फरक साधारण अर्ध्या अंशाइतका असतो. तुम्हाला दिसणारा १.८ ते २.२ हा खेळ त्या हिशेबाने दोन अंशांचा आहे, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. टायमिंग मागे राहिले तर गाडी सुस्त होते आणि सायलेन्सर अधिक तापतात, इतकेच. पण ते जास्त पुढे गेले तर डेटोनेशन (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होऊन पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकते.

क्रम असा ठेवावा. प्रथम दोन्ही पॉइंटची फट, ते सर्वाधिक उघडलेले असताना, फिलर गेजने ०.३० ते ०.४० मिमीच्या दरम्यान लावावी, आणि त्यानंतरच टायमिंगला हात घालावा. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जाते. टायमिंग लावून झाल्यावर कोणी फट नीटनेटकी करायला गेले, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. मूळ प्लेट हलवल्याने ज्या सिलिंडरचे टायमिंग ठरते ते आधी, आणि ज्याचे पॉइंट स्वतंत्र उपप्लेटवर आहेत ते नंतर लावावे. प्लेट क्रँकच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवली की टायमिंग पुढे जाते. बाजारातल्या काही पॉइंटच्या बाबतीत प्लेटची खाच अपुरी पडते. अशा वेळी ०.३० ते ०.४० या मर्यादेतच फट थोडी कमी-जास्त करून उरलेला फरक भरून काढता येतो.

मोजताना दोन्ही प्लग काढून, गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून मागच्या चाकाने इंजिन फिरवावे. टीडीसीवर गेज शून्य करून पिस्टन चारेक मिलिमीटर खाली येईपर्यंत उलटे जावे आणि तेथून इंजिनच्या नेहमीच्या दिशेनेच २.० कडे यावे, म्हणजे सुट्या भागांतली ढिलाई एकाच बाजूला राहते.

हे सर्व करूनही आकडा दर फेऱ्याला बदलत असेल, तर दोष पॉइंटमध्ये शोधू नये. पॉइंट उघडणारा कॅम क्रँकच्या टोकाला रोटरसोबत (क्रँकबरोबर फिरणाऱ्या चकतीसोबत) बसतो. रोटर वाकडा असता तर प्रत्येक फेऱ्यात तीच चूक त्याच जागी दिसली असती. आकडा फिरतो आहे याचा अर्थ कॅमचीच जागा हलते आहे. रोटर हाताने धरून वर-खाली दाबून पाहावा.

उत्तर : मफस्सल_मेकॅनिक

इतका खटाटोप करण्यापेक्षा पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे किट बसवावे, असे माझे मत आहे. फट नाही, झीज नाही, कंडेन्सर नाही.

प्रश्नकर्ता : जुनी_गाडी_सातारा

रोटर वर-खाली दाबून पाहिला. बोटांना किंचित हालचाल जाणवते. रोटर वर उचलला की एका पॉइंटची फट वाढते आणि त्याच वेळी समोरच्या पॉइंटची कमी होते.

उत्तर : टू_स्ट्रोक_कोल्हापूर

मग शंका उरत नाही. दोन पॉइंट एकमेकांसमोर असल्यामुळे कॅम एकीकडे सरकला की एका सिलिंडरचे टायमिंग पुढे आणि दुसऱ्याचे मागे जाते. तुमच्या त्या बाजूच्या मेन बेअरिंगमध्ये (क्रँकला आधार देणाऱ्या बेअरिंगमध्ये) झीज झाली आहे. रॉड घट्ट असले तरी मेन बेअरिंग घट्ट असतीलच असे नाही, आणि इंजिन उघडलेले असताना ही तपासणी बहुतेक ठिकाणी राहून जाते. नवीन सीलही त्या हलत्या शाफ्टवर फार काळ टिकणार नाही. सील गळले की त्या बाजूने हवा आत ओढली जाईल, मिश्रण पातळ होईल आणि त्या सिलिंडरचा प्लग पांढरा पडू लागेल. तेव्हा लोक पुन्हा टायमिंगलाच दोष देतात.

इलेक्ट्रॉनिक किटबद्दल माझा विरोध नाही, परंतु त्याचाही रोटर याच शाफ्टवर बसतो आणि ढिल्या बेअरिंगने त्याचा सिग्नलही हलेल. क्रँक अनुभवी माणसाकडे देऊन सर्व मेन बेअरिंग बदलून घ्यावीत. ही क्रँक प्रेसमध्ये जोडलेली असल्यामुळे जोडणीनंतर दोन्ही पिस्टन बरोबर १८० अंशांवर आहेत का आणि दोन्ही टोकांचे रनआउट (फिरताना होणारे वेडेवाकडेपण) किती आहे, हे डायल गेज लावून तुमच्या समक्ष तपासून घ्यावे. गाडी परत जोडल्यावर २.० मिमीच्या जागी रोटरवर आणि त्याच्यासमोरच्या स्थिर भागावर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा. पुढे स्ट्रोब लाइटने (प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) चालू इंजिनवर पाहता येईल. रेघ एका जागी थांबलेली दिसली तर बेअरिंग ठीक आहे, थरथरताना दिसली तर पुन्हा उघडावे लागेल.

पॉइंटच्या, कॅमवर घासणाऱ्या टाचेखालच्या फेल्टला (नमद्याच्या तुकड्याला) तेलाचा एक थेंब द्यायला विसरू नका, कारण टाच झिजली की फट कमी होत जाऊन टायमिंग आपोआप मागे सरकते.